गावातली भिंत आणि माणसाचे हक्क: कोकणात म्युरल कसं करायचं, पहिल्या बैठकीपासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

आपल्याकडे शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या भिंतींवर चित्रं आता पुष्कळ दिसतात, स्वच्छता, झाडं, पाणी वाचवा वगैरे. पण मजुरी बुडवणं, वाळीत टाकणं, लहान वयातलं लग्न, बाजारात बसायला जागा न मिळणं असल्या गोष्टींवर भिंत रंगवायची म्हटलं की बरेच जण अडकतात, कोणाला विचारायचं, काय काढायचं, गावात भांडण झालं तर काय, आणि एवढं करून पहिल्याच पावसात पोपडे निघाले तर काय. मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात अशा काही भिंतींवर काम केलंय, त्यातनं जे कळलं ते सगळं इथे लिहितोय. लांबलंय, पण ज्यांना खरंच करायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी पहिली भिंत. देवगड बाजूला एका बंदरावर मासळी बाजाराचं कंपाऊंड मिळालं होतं आणि आम्ही मानवी हक्क म्हणून त्यावर तुटलेल्या बेड्या, कबुतर आणि मधे मोठा तराजू असं काढलं, चार दिवस राबलो. पाचव्या दिवशी मासे विकणारी एक म्हातारी समोर पाटी टेकवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो तराजू कित्याक रे झिला? आमी मासे वाट्यान इकतव, काट्यान नाय." तिला वाटलं आता वजनकाट्याचा नियम येतोय. मग तिच्याशी बोलत बसलो तर तिचं खरं दुखणं निघालं, पहाटे चारला बाजारात येऊन दुपारपर्यंत बसायचं आणि बायकांना जायला संडास नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. भर उन्हात माश्याच्या पाटीशी बसलेली बाई तहान दाबून बसते, आणि आम्ही तिच्या पाठीमागच्या भिंतीवर कबुतर काढत होतो. आठवड्याभरात ती भिंत आम्ही पुसून पुन्हा केली. त्या वेळेपासून मी एकच गोष्ट धरून चालतो, हक्क म्हणजे हाताला लागणारी वस्तू किंवा जागा असते, ती शोधायची आणि तीच काढायची.

हे काही माझं डोकं नाही. महाड आपल्या कोकणातलंच. १९२३ मधे मुंबईच्या कायदेमंडळात तिथले सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, महाड नगरपालिकेनं १९२४ मधे तसा ठराव केलाही, तरी चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या ओंजळीत आलं नव्हतं. ते यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी सरळ नावं घेऊन लिहिलंय की तिथे जात, धर्म, लिंग बघून कोणाला अडवायचं नाही. म्हणजे संविधानसुद्धा नुसतं समता म्हणून थांबलं नाही, विहीर म्हणाली. आपल्या भिंतीनंही तेच करायचं.

कॅलेंडर आधी ठरवा

इथेच निम्मी कामं बिघडतात. कोकणात रंगाचा सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, मार्चनंतर ऊन एवढं असतं की ब्रश फिरवेपर्यंत रंग सुकतो. पण माणसं भेटायचा सीझन वेगळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी विणायचं काम चालू, तेव्हा मच्छीमार वाडीत बसून बोलता येतं. शेतीच्या वाड्यांत मात्र तेव्हा लावणी, तिथे गेलात तर कोणी बोलणार नाही, तिथे गणपतीचे दिवस धरा, चाकरमानीपण आलेले असतात आणि कच्चं चित्र आरतीनंतर सगळ्यांना दाखवता येतं.

आणि कातकरी वाडीवर काम असेल तर हे नीट लक्षात ठेवा, पावसाळा संपला की बरीच कुटुंबं कोळसाभट्टीवर, वीटभट्टीवर निघून जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. तुम्ही डिसेंबरात रंग घेऊन गेलात तर वाडी रिकामी, आणि मग ज्यांच्या हक्काची भिंत त्यांच्याशिवायच पूर्ण होते. त्यांच्यासोबतची भिंत ऑक्टोबरच्या कडक उन्हाच्या आठवड्यात, ती जायच्या आत उरका. घाई होते पण दुसरा मार्ग नाही.

बैठक

ग्रामपंचायतीच्या हॉलमधे एकच मोठी बैठक बोलावू नका. तिथे जे नेहमी बोलतात तेच बोलतात. बायकांची वेगळी, वाडीवर जाऊन वेगळी, पोरांची शाळेत वेगळी अशी किमान तीन घ्या. ट्रॉलरवरच्या खलाशांना आणि आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कामगारांना तर कोणी बोलवतच नाही, त्यांच्या जागेवर जा, मालक समोर नसताना जा.

तुमच्यावर काय अन्याय होतो असं विचारलं की माणसं गप्प होतात, किंवा आमचं बरं चाललंय म्हणतात. मी असं विचारतो, आपल्याला माणूस म्हणून वागवलं नाही असं शेवटचं कधी वाटलं, ते कुठे झालं, आणि तेव्हा तुमच्या हातात काय होतं? हा शेवटचा प्रश्न कोणाला विचित्र वाटेल पण सगळं चित्र त्यातनंच मिळतं. हातात रेशनकार्ड होतं. हातात पोराचा शाळेचा दाखला होता. हंडा होता. हे सगळं वहीत लिहून घ्या, नावं मात्र लिहू नका.

मग एका भिंतीवर एकच विषय. सगळे तीस हक्क एका भिंतीवर कोंबायचा मोह होतो कारण १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत आणि ती यादी समोर असते, पण तसं केलं की तो चार्ट होतो, म्युरल राहत नाही. जाहीरनाम्यातली एक गोष्ट मात्र शाळेत पोरांना मी नेहमी सांगतो, पहिल्या कलमात आधी सगळे पुरुष समान अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता, तो बदलून सगळी माणसं असा करून घेतला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. मुली हे ऐकून सरळ बसतात, स्वतः बघितलंय.

कायदा तपासून घ्या

भिंतीवर चुकीचा कायदा लिहिलात तर कोणीतरी त्यावर भरवसा ठेवून फसेल. साधारण लागणाऱ्या गोष्टी सांगतो. वेठबिगारी आणि सक्तीची मजुरी अनुच्छेद २३ मधे आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात, उचल घेतली म्हणून माणसाला कुटुंबासकट डांबून ठेवता येत नाही. १४ वर्षांखालच्या पोराला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला बंदी अनुच्छेद २४ मधे. ६ ते १४ वयाला मोफत सक्तीचं शिक्षण अनुच्छेद २१ क मधे. लग्नाचं वय मुलीला १८, मुलाला २१.

आणि आपल्याकडचा मोठा विषय, गावकीनं वाळीत टाकणं. रायगड-रत्नागिरीत हे किती चालतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यासाठी महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तक्रार पोलिसात किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. गावात दहा जणांना विचारा, हा कायदा ऐकलेला एखादाच सापडतो, म्हणून मला वाटतं कोकणात ह्या विषयावर सगळ्यात जास्त भिंती व्हायला हव्यात.

मजकूर झाला की तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे नेऊन दाखवा. तिथले वकील मोफत वाचून देतात असा माझा अनुभव आहे.

भिंत आणि परवानगी

भिंत निवडताना तीन गोष्टी बघा, लोक तिथे थांबतात का, पाऊस कुठून मारतो, आणि मालक कोण. रस्त्यावरची मोठी भिंत भारी दिसते पण गाडीतनं माणूस दोन सेकंदात पुढे जातो. एसटी स्टँड, पाणवठा, रेशन दुकान, आरोग्य केंद्राची रांग, मासळी बाजार, जिथे माणूस दहा मिनिटं ताटकळतो ती जागा घ्या.

पाऊस नैऋत्येकडनं येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेली पश्चिमेची भिंत सगळा मारा खाते. पूर्वेची किंवा उत्तरेची घ्या, वर पत्र्याची किंवा कौलाची पागोळी दीड-दोन फूट पुढे असेल तर चित्राचं आयुष्य दुप्पट समजा.

परवानगी लेखी. तोंडी हो म्हटलेलं सरपंच बदलला की संपतं. ग्रामपंचायतीची भिंत असेल तर ग्रामसभेत ठराव, शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, स्टँड असेल तर एसटीचं ऑफिस, जेटी असेल तर बंदर खातं, खाजगी घर असेल तर मालकाची सही आणि शिवाय ग्रामपंचायतीचं किंवा नगरपरिषदेचं पत्र, कारण १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा आहे आणि कोणी तक्रार केली तर कागद हातात हवा. अर्जाला कच्चं चित्र आणि पूर्ण मजकूर जोडा म्हणजे नंतर आम्हाला हे सांगितलंच नव्हतं असं कोणी म्हणत नाही.

चित्र

वाळीतच्या विषयावर एका गावात बैठकीत एक मध्यमवयीन बाई बोलल्या. शिमग्याला पालखी प्रत्येक दारात येते, त्यांच्याकडे तीन वर्षं आली नाही. त्या दरवर्षी अंगण सारवायच्या, रांगोळी काढायच्या, ओटीचं ताट तयार ठेवायच्या, ढोल जवळ यायचा आणि दारावरनं पुढे निघून जायचा. चित्र तेच झालं. नऊ दारं, आठ दारांत पालखी आणि माणसांची गर्दी, नवव्या दारात रांगोळी, ताट आणि उघडं दार. बाकी काही नाही. त्याखाली कायदा आणि मदतीचा फोन नंबर. कोणाचा चेहरा नाही, कोणत्या गावकीचं नाव नाही, तरी बघणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागत नाही. देवाची पालखी भिंतीवर काढायची की नाही ह्यावर तासभर वाद झाला, मानकऱ्यांपैकी दोघं आधी नको म्हणाले, शेवटी पालखीत मूर्ती दाखवायची नाही, फक्त पालखीचा आकार, असं ठरलं. असे वाद कच्च्या चित्रावर होऊ द्या, रंग लागल्यावर नाही.

कागदावर काढताना काही गोष्टी पाळा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नुसतं रडताना काढू नका, तो काहीतरी करतोय असं काढा, अर्ज देतोय, पायरी उतरतोय, दार उघडतोय. रोज त्या भिंतीसमोरनं जाणाऱ्या माणसाला आपण गुडघ्यावर बसलेले दिसणं चांगलं नाही. खऱ्या पीडित व्यक्तीचा चेहरा, घर, कपडे ओळखू येतील असं काही नको, लैंगिक अत्याचारातल्या मुलाची किंवा बाईची ओळख उघड करणं तर कायद्यानं गुन्हाच आहे. अशोकस्तंभाचे सिंह काढू नका, राजचिन्हाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. पुढाऱ्याचे, देणगीदाराचे फोटो नकोत.

शैली आपल्याकडची घ्या, इंटरनेटवरनं कशाला उचलायची. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे, एकेक चित्र दाखवून गोष्ट सांगायची पद्धत, भिंतीवर डावीकडनं उजवीकडे ती फार सुंदर बसते. वर पालघर-डहाणूकडे वारली आहे. पण वारलीची त्रिकोणी माणसं कोणीही पेंटर गिरवतो, तसं करू नका, त्या कलाकारांना बोलवा, पैसे द्या, नाव लिहा. हक्कांवरची भिंत आणि कलाकाराला फुकट राबवलं, हे मला अजिबात पटत नाही.

अक्षरं

दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर हा साधा हिशोब. रस्त्यापलीकडे तीस फुटांवरनं वाचायचं असेल तर तीन इंच, आणि मराठीत वर वेलांटी खाली उकार येतात म्हणून दोन ओळींत जागा जास्त सोडा. मजकूर दोन-तीन वाक्यं, बोलतो तशी भाषा. बागेतल्या आणि ट्रॉलरवरच्या कामगारांसाठी नेपाळीत एक ओळ टाका, लिपी देवनागरीच असल्यामुळे आपला पेंटर सहज लिहितो, फक्त मजकूर त्यांच्यातल्याच माणसाकडनं लिहून घ्या.

नंबर सगळ्यात मोठे. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, मोफत वकिलासाठी १५१००. मोफत वकील बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो, १९८७ च्या कायद्यानं, हे वाक्य जागा असेल तर लिहाच. विषयाला लागतील तेवढे दोनच नंबर ठेवा, सगळे लिहिले की एकही लक्षात राहत नाही. रंगवायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन लावून बघा, उचलतात का.

भिंतीची तयारी

आता कष्टाचं. तार-ब्रशनं शेवाळ, सुटलेला चुना, पोपडे सगळं घासून काढा. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारून अर्धा तास ठेवा, स्वच्छ पाण्यानं धुवा, मग तीन-चार दिवस कडक ऊन. हातमोजे घाला.

ओल आहे का ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतनं थेंब दिसले तर थांबा. आपल्याकडे जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि किनाऱ्यावर वाळूतलं, हवेतलं मीठ आत जातं, मग पांढरा खार फुटतो, लोणा म्हणतात तो. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुतलात तर विरघळून परत आत जातो. एका शाळेच्या भिंतीवर आम्ही हे न बघता रंगवलं, खाली गळका नळ होता, तीन महिन्यांत पोरांनी काढलेल्या चेहऱ्यांवर फोड आले. आधी नळ दुरुस्त करायला हवा होता. नवीन प्लास्टर असेल तर २८ दिवस तसंच सोडा.

मग बाहेरच्या भिंतीचा पाण्याचा प्रायमर एक हात, त्यावर एक्स्टीरियर अ‍ॅक्रेलिक इमल्शन दोन हात. डिस्टेंपर पहिल्या पावसात वाहून जातो, ऑइल पेंट ओल कोंडतो आणि सोलतो, दोन्ही नकोत. गुळगुळीत प्लास्टरवर लिटरला साधारण ५० चौरस फूट दोन हात होतात, म्हणजे ३० फूट लांब ८ फूट उंच भिंतीला बेसचे ५ लिटर, प्रायमर ३ लिटर धरा. उघड्या चिऱ्यावर ह्याच्या दुप्पटही लागतो कारण भोकं रंग पितात, आणि त्यावर बारीक रेघ ओढता येत नाही, मोठेच आकार ठेवा.

खालचा दीड फूट गेरूच्या गडद रंगाचा पट्टा करा. पावसात लाल माती उडून भिंतीवर येते, पांढऱ्यावर ते घाण दिसतं, गेरूत मिसळून जातं. आपल्या आज्या घराला खाली गेरूचा पट्टा मारायच्या तो उगाच नाही. चित्रातही लाल, पिवळा, काळा शक्यतो ऑक्साईडचा घ्या, तो उन्हात टिकतो. भडक गुलाबी, जांभळा दोन वर्षांत उडतो.

रंगवण्याचे दिवस

चित्र उतरवायला चौकोन पाडा. कागदावर एक इंचाचे, भिंतीवर एक फुटाचे, गेरूत बुडवलेल्या दोरीनं सूत मारायचं, ओळंबा लावून. एकेका चौकोनात एकेका पोराला उभं करता येतं, चित्रकला न येणाराही त्याच्या चौकोनातली रेघ उतरवतो. प्रोजेक्टर असेल तर संध्याकाळी एका तासात होतं, पण मला चौकोनच आवडतात कारण त्यात वीस हात लागतात.

पहिले दोन दिवस मोठे सपाट रंग, तेव्हा सगळं गाव बोलवा. बाह्यरेषा आणि अक्षरं मात्र एक-दोन सरावाचे हातच करतील, तिथे सगळ्यांना घेऊ नका, अक्षर बिघडलं की भिंतीचं कामच बिघडतं. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे सावलीत काम. थंडीत चारच्या पुढे रंग लावू नका, रात्रीचं दव ओल्या रंगावर पडून ओघळ येतात. पोरं जमिनीवरनं हात पुरेल तेवढंच करतील, परांचीवर फक्त मोठी माणसं, बांबू बांधणारा जाणकार हवा, बेल्ट हवा. लांब भिंत असेल तर घाबरू नका, लॉस एंजेलिसमधे १९७६ साली ज्युडी बाका यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन पुराच्या कालव्याची भिंत रंगवायला घेतली, ती अर्ध्या मैलाच्या आसपास गेली, पण ती वर्षानुवर्षं उन्हाळ्या-उन्हाळ्यात तुकड्यानं झाली. आपणही दरवर्षी दहा फूट वाढवू शकतो.

कोणी विरोध करायला आलं तर ब्रश खाली ठेवून बोला. आमच्याकडे एका ठिकाणी दोघं-तिघं येऊन म्हणाले गावाची बदनामी करताय. ठरावाची प्रत दाखवली, पण खरा फरक त्यानं पडला नाही. रंगवत असलेल्या दोन म्हाताऱ्या खाली उतरून त्यांच्याशी बोलायला गेल्या, त्यातली एक त्यांच्यातल्याच एकाची चुलती होती. गावातले हात भिंतीवर असले की असं होतं. धमकी आली तर मात्र काम थांबवा, एकट्या-दुकट्याला तिथे ठेवू नका, पोलिसात लेखी द्या, आणि ज्यांच्या गोष्टीवरनं चित्र झालं त्यांना आधी विचारा की पुढे जायचं का. त्या नको म्हणाल्या तर नको.

नंतर

उद्घाटनाला फीत कापण्यापेक्षा विधी सेवा समितीच्या वकिलांना तासभर भिंतीसमोर टेबल टाकून बसवा. पालखीच्या भिंतीला आम्ही तसं केलं, नवव्या दारावाल्या बाई त्या दिवशी टेबलाजवळ आल्या नाहीत, लांब उभ्या होत्या, दोन दिवसांनी वकिलांच्या ऑफिसात एकट्या गेल्या.

मे संपताना मासळी बाजारासारख्या उघड्या भिंतीवर माडाची झापं बांधा. गणपतीनंतर ती काढून मऊ ब्रशनं शेवाळ पुसा, फुटलेली जागा घासून प्रायमर, मग रंग. त्यासाठी रंगवताना उरलेला प्रत्येक रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, बाहेर त्याच रंगाचा ठिपका आणि तो चित्रात कुठे लावलाय ते लिहून शाळेच्या कपाटात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी तीच छटा जुळता जुळत नाही. भिंतीवरच्या नंबरांना तेव्हाही एकदा फोन लावा, बदलला असेल तर सगळ्यात आधी तो रंगवा, चित्र नंतर.